आण्याचा सेस, मुठीची ज्वारी

सातारा जिल्ह्यातला शेतकरी शाळेचे पैसे भरू लागला तो १८६० च्या दशकात. त्याच्या गावात शाळा यायला मात्र पुढची साठ-सत्तर वर्षं जावी लागली. मुंबई सरकारने जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आण्याचा उपकर बसवला. कागदोपत्री त्याचं नाव लोकल फंड सेस. गावात तो साऱ्याबरोबरच वसूल व्हायचा, त्यामुळे आपण शाळेसाठी काही देतो आहोत हे देणाऱ्याच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. या आण्यातला तिसरा हिस्सा शाळांचा, बाकीचा रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांचा. ज्याची जमीन त्याचा आणा, असा सरळ हिशोब. आणि ज्याच्या जमिनीवर आणा बसला होता त्याचाच पोरगा बहुतेक करून गुरांमागे होता.

शाळा निघाल्या त्या कसब्याच्या गावांत, बाजारपेठेत, मामलेदार कचेरी असेल तिथे. धुळपाटी आणि मोडी शिकवणाऱ्या पंतोजींच्या गावठी शाळा त्याआधीही होत्या. आता त्यांच्या जागी सरकारी मराठी शाळा आली आणि पंतोजींचा मास्तर झाला. शिकायला येणारी मुलं मात्र पूर्वीच्याच घरांतली राहिली. कुलकर्णी, जोशी, वाणी, सोनार. ज्यांचं पोट लिहिण्या-वाचण्यावर चालत होतं त्यांनी शाळा आधी गाठली आणि पुढचे मास्तरही त्यांच्यातूनच आले. कुणब्याचा मुलगा आलाच तर पेरणीला गळायचा आणि सुगीनंतर परत आला तर आला. महार-मांगांच्या मुलाने व्हरांड्यात बसायचं किंवा दाराबाहेर.

जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण आणि सावित्रीबाईंचं माहेर खंडाळ्याचं नायगाव. दोन्ही गावं साताऱ्यातलीच, पण दोघांचं काम पुण्यात उभं राहिलं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बोट ठेवलं ते याच आण्यावर. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, आणि इलाख्यातल्या सुमारे नऊदशांश खेड्यांत शिक्षणाची कसलीच सोय नाही, असा त्यांचा मुद्दा होता. सेसमधला निम्मा पैसा तरी प्राथमिक शाळांना द्या, बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, या त्यांच्या मागण्या पुष्कळांना ठाऊक असतात. त्याच निवेदनातली आणखी एक मागणी फारशी कुणाच्या ध्यानात राहिली नाही. मास्तर शेतकऱ्यांतला हवा, शिकवून तयार केलेला हवा, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटता कामा नये, असं त्यांनी सांगितलं होतं. सरकारने ते निवेदन छापलं आणि फाइलला लावलं.

पुढे अठरा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत सुभेदार रामजी सकपाळांच्या धाकट्या मुलाचं नाव दाखल झालं. भीमराव आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. पलटणीतून निवृत्त झालेल्या बापाला शाळेची किंमत माहीत होती आणि तो जिल्ह्याच्या गावी राहत होता, म्हणून हे घडलं. वाळव्याच्या किंवा पाटणच्या एखाद्या खेड्यातल्या महारवाड्यातून ते घडण्याची शक्यता तेव्हा जवळपास शून्य होती.

वाळव्याच्याच ऐतवडे बुद्रुक या गावचं पाटलाचं एक जैन घराणं. त्यातले पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते. त्यांचा मुलगा भाऊराव २२ सप्टेंबर १८८७ रोजी आजोळी, हातकणंगल्याजवळच्या कुंभोजला जन्मला. शिक्षण म्हणाल तर इंग्रजी सहावीपर्यंत, तेही रडतखडत. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये असताना हा मुलगा अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आला आणि परत आल्यावर आंघोळ करायला तयार होईना. बोर्डिंगमधून त्याची हकालपट्टी झाली. नंतर इस्लामपुरात त्याला शाळेच्या वर्गाबाहेर बसून शिकणारा एक महाराचा मुलगा दिसला. भाऊरावांनी त्याला सरळ कोल्हापूरला नेऊन त्याच मिस क्लार्क वसतिगृहात ठेवलं. तो मुलगा, ज्ञानदेव घोलप, पुढे मुंबईच्या कायदेमंडळात सभासद म्हणून बसला.

भाऊरावांच्या चरित्रांत अशा गोष्टी पुष्कळ येतात आणि त्या सांगताना लेखकांचा सूर लवकरच कीर्तनाकडे वळतो. मला त्यांच्या आयुष्यातला एक रुक्ष तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. ते फिरते विक्रेते होते. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगराचे. लाकडी नांगरावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवलेल्या माणसाला लोखंडी फाळ घ्यायला लावायचा तर त्याच्या बांधावर जावं लागतं, त्याच्या जमिनीची जात कळावी लागते, पैसे कुठल्या महिन्यात येतात आणि भावकीत कुणाचा शब्द चालतो हेही कळावं लागतं. कृष्णा, वारणा आणि येरळेच्या काठची गावं भाऊरावांना अशी कळली. शिक्षण खात्यातल्या एकाही इन्स्पेक्टरला जिल्हा इतका पाठ नसेल.

१९१० मध्ये वारणाकाठच्या दुधगावात त्यांनी मित्रांबरोबर सर्व जातींच्या मुलांसाठी आश्रम काढला होता. खरी सुरुवात झाली १९१९ मध्ये. त्या साली शिक्षणाच्या दोन गोष्टी या मुलखात घडल्या. जूनमध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगली-मिरजेच्या दरम्यान विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानी आणि शहरी वर्गाला घराजवळ पदवी मिळू लागली. ४ ऑक्टोबरला कराड तालुक्यातल्या काले गावी जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेत भाऊरावांची रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. एकीकडे दगडी इमारत होती, प्राध्यापक होते, विद्यापीठाची मान्यता होती. दुसरीकडे काल्याला एक ठराव होता आणि मुलं ठेवायला एक जागा.

सातारा जिल्हा तेव्हा तापलेला होता. सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरत होते. ढोलकी, सवाल-जवाब, आणि भट-सावकाराची रेवडी. कुळं खंड द्यायला नकार देत होती. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून लोकल बोर्डाच्या स्कूल बोर्डाकडे आला, म्हणजे शाळा कुठे काढायची आणि मास्तर कोण नेमायचा हे निवडून आलेली माणसं ठरवू लागली. साताऱ्यात ब्राह्मणेतर पक्षाचं वजन वाढलं. लोकल बोर्डाचे अध्यक्ष झालेले धनजीशहा कूपर हे पारशी गृहस्थ त्या पक्षाचे पुढारी होते. १९३७ मध्ये ते साडेतीन महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही झाले. त्यांच्या साताऱ्याच्या नांगर कारखान्याच्या उभारणीत भाऊराव होते. नफ्यातला वाटा शिक्षणाला द्यायचं ठरलं होतं आणि तो दिला गेला नाही, असं भाऊरावांचे चरित्रकार सांगतात. दोघांचं फाटलं. भाऊरावांच्या हाती ना कारखाना राहिला ना बोर्ड.

१९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. पुढे ते धनिणीच्या बागेत गेलं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, धनगर, रामोशी अशी सगळी मुलं एका स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत, एका पंगतीला जेवत, आळीपाळीने भांडी घासत. गावाकडून धान्य देणाऱ्यांतल्या कित्येकांच्या स्वतःच्या घरात हे चाललं नसतं, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. आपला पोरगा साताऱ्यात महाराच्या हातचं खातो, याकडे काणाडोळा करून बाप पोतं पाठवत होता. शिक्षणाची ओढ एवढी होती की तिच्यापुढे बाट मागे पडला. निदान साताऱ्याच्या वेशीच्या आत तरी.

धान्य जमायचं ते मुष्टिफंडातून. पहाटे जात्यावर बसलेली बाई दळण घेण्याआधी एक मूठ ज्वारी किंवा बाजरी बाजूच्या गाडग्यात टाकायची. आठवड्याने, पंधरवड्याने बोर्डिंगची मुलं पोतं घेऊन दारात यायची आणि गाडगं उपडं करून न्यायची. सुगीत खळ्यावर वेगळं मापटं. कुणी गुळाची ढेप, कुणी हरभरा, कुणी गाडीभर सरपण. देणाऱ्याला ती मूठ दिसत होती, ती खाऊन शिकणारा पोरगा दारात उभा दिसत होता, कधी कधी त्याचं नाव आणि गावही माहीत असायचं. साठ वर्षं भरलेल्या आण्याला असा चेहरा कधी नव्हता. ही मूठ टाकणारी बाई स्वतः निरक्षर होती आणि तिच्या मुलीला शाळेत घालण्याचा विषयही त्या घरात निघालेला नसे, ही याच गोष्टीची दुसरी बाजू.

धान्य संपायचंही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. सुरुवातीला त्यांना हा गोतावळा जड गेला, मग मुलांच्या त्या वहिनी झाल्या. एकेक दागिना मोडत गेला. एका सणाला मुलांच्या जेवणाची तजवीज नव्हती तेव्हा त्यांनी मंगळसूत्र काढून दिलं, ही हकिकत साताऱ्यात अजून सांगितली जाते. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या पायात त्यांचं नेमकं किती तोळे सोनं गेलं, याची नोंद असेल तर ती मुद्दाम छापायला हवी.

वसतिगृहांनी शेकड्यांनी मुलं शिकवली. पण जिल्ह्यात गावं आणि वाड्या हजारोंनी, आणि बोर्डाची शाळा मोठ्या गावापुरती. वाडीवर शाळा काढायची तर वाडीवर राहील असा मास्तर हवा. बोर्डाचा मास्तर डोंगरातल्या बदलीचा हुकूम हातात पडला की पहिल्या दिवसापासून परतीच्या अर्जाला लागायचा. त्याची फार चूक होती असं नाही. पावसाळ्यात जावळी-पाटणच्या वाड्यांचा बाकीच्या जगाशी संबंध तुटायचा, ओढ्यांना पूल नव्हते, आजारी पडलं तर डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर. शिवाय त्या वाडीतल्या कुणाच्या हातचं त्याला चालायचं नाही.

यावरचं भाऊरावांचं उत्तर होतं १९३५ मध्ये साताऱ्यात काढलेलं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. नाव ऐकून आज हसू येतं. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला त्या साली पंचवीस वर्षं झाली होती, इलाखाभर समारंभ चालले होते, आणि खादी नेसणाऱ्या या माणसाने मास्तरांच्या कॉलेजला बादशहाचा रौप्यमहोत्सव चिकटवला. मला त्यात नांगर विकणारा माणूस दिसतो. गिऱ्हाईक कोण आहे हे पाहून तो माल पुढे करत होता. कॉलेजात घेतली गेली ती मराठी सातवीची फायनल पास झालेली खेड्यातली मुलं. ही व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे त्या काळी खेड्यातल्या मुलाच्या शिक्षणाचं शेवटचं स्टेशन. पास झाला तर मास्तर किंवा तलाठी, नापास झाला तर परत औताला. इथे या मुलांना शिकवण्याचं तंत्र मिळालं आणि शेतीकामही सुटलं नाही. फुल्यांनी त्रेपन्न वर्षांपूर्वी जो मास्तर मागितला होता तो अखेर साताऱ्यात तयार होऊ लागला, आणि तोही बिनसरकारी संस्थेत. त्या कॉलेजचं आजचं नाव महात्मा फुले अध्यापक विद्यालय. नाव देणाऱ्याने १८८२ चं निवेदन वाचलं होतं की नाही कोण जाणे, पण नाव अचूक पडलं.

मास्तर तयार झाले तशा व्हॉलंटरी शाळा निघू लागल्या. पहिली निघाली साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावरच्या यवतेश्वराला. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. शाळा नसलेल्या गावांत लोकांनी किंवा संस्थेने स्वतः शाळा सुरू करावी, सरकार तिला थोडकं अनुदान देईल, अशा शाळांना त्या मंत्रिमंडळाने उत्तेजन दिलं. सरकारला ते स्वस्तात पडत होतं. बोर्डाच्या शाळेला जो खर्च यायचा त्याच्या मानाने व्हॉलंटरी शाळेचा खर्च कुठेच नव्हता, कारण मास्तराचा पगार नाममात्र आणि जागा गावाची.

जागा म्हणजे बहुधा मारुतीचं किंवा भैरोबाचं देऊळ, नाहीतर चावडी, तेही नसेल तर कुणाच्या तरी गोठ्याची पडवी. देवळातली शाळा देवळाच्या वेळापत्रकाने चालायची. शनिवारी सकाळी तेल घालायला येणाऱ्या बाया, एकादशीचं भजन, पाऊस लागला की गाभाऱ्यासमोर वाळत घातलेलं भिजकं धान्य, आणि यातून उरलेल्या जागेत बिगरीपासून चौथीपर्यंतची सगळी पोरं एकाच मास्तरासमोर. पहिलीला बाराखडी घोकायला लावायची, दुसरीला पाढे, तिसरीला गणित घालायचं आणि तेवढ्यात चौथीचा धडा घ्यायचा. महारवाड्यातली मुलं देवळात कशी बसायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी यायचा. काही गावांत मास्तराने मुलांना आत घेतलं आणि गावाने चार दिवस शाळा ओस पाडली. काही ठिकाणी मास्तराने सगळीच मुलं उचलून बाहेर पिंपळाखाली बसवली. जमिनीवर बसलेल्याला शिवाशिव कमी टोचते.

मास्तर राहायचा गावातच. त्याच्याकडून पत्रं लिहून घ्यायची, मुंबईला गिरणीत असलेल्या मुलाची मनिऑर्डर आली की पावती वाचून घ्यायची, सावकाराचा कागद त्याच्यासमोर उलगडायचा. या शेवटच्या कामामुळे काही मास्तर गावातल्या बड्या घरांच्या डोळ्यांवर आले. दुष्काळी माणदेशात, औंध संस्थानच्या हद्दीतल्या धनगरवाड्यांवरही असेच एकशिक्षकी मास्तर होते. मेंढरं घेऊन माणसं तळकोकणाकडे निघाली की तिथे पटावर नावं उरायची आणि मुलं नाहीशी व्हायची. औंधच्या शाळेने ग. दि. माडगूळकरांसारखा कवी दिला. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीतला बनगरवाडीचा मास्तर याच मुलखातला.

प्रत्येकापर्यंत शाळा पोचली नाही हेही सांगायला हवं. वाळव्याच्या वाटेगावात १९२० मध्ये जन्मलेले अण्णा भाऊ साठे शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. मांगाच्या पोराला मास्तराने जी वागणूक दिली ती त्यांना सहन झाली नाही, आणि पुढे मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत ते साक्षर झाले. वाटेगाव ते काले हे अंतर एका दिवसात चालून जाण्याइतकं. रामोश्यांच्या वस्तीवर पोलिसपाटलाची हजेरी रोज संध्याकाळी होती, मास्तराची हजेरी मात्र नव्हती. मुलींचा पट तर बोटांवर मोजण्यासारखा. गावात बाईमाणूस शिकवायला असल्याशिवाय आई मुलीला पाठवत नाही, हे कळून १९४२ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात जिजामाता ट्रेनिंग स्कूल काढलं. मुलांच्या ट्रेनिंग कॉलेजनंतर सात वर्षांनी.

त्याच १९४२ मध्ये जिल्हा वेगळ्याच कारणाने, चले जाव चळवळीने, पेटला. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. लाड आणि त्यांच्या साथीदारांचं प्रतिसरकार १९४६ पर्यंत चाललं. न्यायदान मंडळं, गांधी पद्धतीची कमी खर्चाची लग्नं, सावकार आणि दरोडेखोरांना चाप, हे सगळं ज्या गावांत झालं त्यांतल्या अनेक गावांत आधी सत्यशोधकांचे जलसे येऊन गेले होते. वाळव्यातल्या कासेगावात आयुष्य काढलेल्या गेल ऑम्व्हेट यांनी हा धागा आपल्या लेखनात दाखवून दिला आहे. त्यात एक धागा शाळेचा जोडावासा वाटतो. पत्रक वाचून दाखवणारा, मंडळाचा निकाल लिहून ठेवणारा, निरोप कागदावर उतरवणारा माणूस गावात असल्याशिवाय असं सरकार इतकी वर्षं टिकत नाही. तो माणूस सातवी पास होता.

स्वातंत्र्य आलं आणि सहा महिन्यांत गांधीजींचा खून झाला. सातारा-सांगलीच्या खेड्यांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. जिल्ह्याच्या इतिहासातलं हे पान लाजिरवाणं आहे आणि शाळांच्या इतिहासातही ते येतं, कारण गावं सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबांत मास्तरांचीही कुटुंबं होती. कित्येक वर्षं एकाच गावात शिकवून ज्याने अर्ध्या गावाला सही शिकवली, त्याचं घर त्याच गावाच्या डोळ्यांदेखत जळालं. फुले-भाऊरावांनी ब्राह्मण मास्तराच्या सोवळ्यावर टीका केली होती. त्या टीकेचा आणि या जाळपोळीचा संबंध जोडणारे दोन्ही बाजूंना आहेत आणि दोघेही सोयीचं तेवढं वाचतात.

गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला तो या पार्श्वभूमीवर. त्याआधीच, १९४० मध्ये, साताऱ्याचं महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं होतं. तिथे फी नव्हती. मुलं शेतात, बांधकामावर राबून आपला खर्च काढत. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आलं, तेही कमवा आणि शिका. पण १०१ हायस्कुलं म्हणजे सरकारी अनुदान हवं, आणि नेमकं ते बंद झालं. भाऊराव राज्यकर्त्यांवर जाहीर सभांतून टीका करत होते आणि ती मंत्र्यांना झोंबली. गंमत अशी की मुख्यमंत्री तेच खेर होते ज्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाने व्हॉलंटरी शाळांना बळ दिलं होतं. दोघे सज्जन, दोघे गांधींना मानणारे, आणि मधे शेकडो मास्तरांचे पगार अडकलेले. शेवटी गाडगेबाबांनी मध्यस्थी केली. हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेतलेल्या त्या माणसाला नाही म्हणणं खेरांनाही जमलं नाही. अनुदान पुन्हा सुरू झालं. कराडला १९५४ मध्ये निघालेल्या संस्थेच्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव आहे.

मधल्या काळात जिल्हाच दुभंगला. १ ऑगस्ट १९४९ रोजी वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांच्या मुलखाबरोबर जोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला. २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. दुधगाव, ऐतवडे, इस्लामपूर दक्षिणेला गेलं. काले आणि धनिणीची बाग उत्तरेला राहिली. दक्षिणेच्या स्कूल बोर्डाला नवी दुखणी आली. जत तालुक्यात सीमेवरची गावंच्या गावं कानडी बोलणारी, तिथे शाळा कानडी हव्यात. मिरजेत उर्दू हव्यात. सांगलीच्या जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा जतमध्ये आजही भरतात.

व्हॉलंटरी शाळाही याच सुमाराला बोर्डांकडे वर्ग झाल्या. त्यांचा संस्थेच्या इतिहासातला आकडा ५७८. देवळात भरणारी शाळा आता सरकारमान्य झाली, मास्तराला पगार आणि पेन्शन लागू झालं, गावाने दिलेल्या जागेवर खोल्या पडल्या. मास्तरांनी पेढे वाटले आणि ते योग्यच होतं. दहा-दहा वर्षं त्यांनी अर्ध्यामुर्ध्या पगारावर काढली होती. मुष्टिफंडाचं गाडगं मात्र हळूहळू फळीवरून खाली उतरलं. शाळा सरकारची झाली म्हटल्यावर मूठ कशाला? १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, स्कूल बोर्डं इतिहासजमा झाली आणि गावकऱ्यांच्या तोंडात बोर्डाच्या शाळेची झेडपीची शाळा झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राने शिक्षण उपकराचा नवा कायदाही केला. कर पुन्हा सरकारी चलनावर आला.

भाऊराव हे बघायला नव्हते. ९ मे १९५९ ला ते गेले. महिनाभर आधी, ५ एप्रिलला, पुणे विद्यापीठाने इंग्रजी सहावीवर थांबलेल्या या माणसाला डी. लिट्. दिली होती. १०१ चा संकल्प केला होता, मागे १०८ हायस्कुलं राहिली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी आपापल्या संस्था काढल्या. पाटण खोऱ्यातून आलेले बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था उभी केली. साखर कारखान्यांच्या भोवती आणखी संस्था आल्या, आणि शिक्षणसंस्था काढणं हा सहकारी पुढाऱ्याच्या कारकिर्दीचा ठरलेला टप्पा झाला. विटा-आटपाडीकडचे गलाई बांधव देशभर सोनं-चांदी गाळून पैसे कमवू लागले आणि गावच्या शाळेला खोली बांधून देऊन दारावर नावाची फरशी बसवू लागले. मुठीचं धान्य देणाऱ्या बाईचं नाव कुठल्या फरशीवर नव्हतं.

वाड्यांचा प्रश्न मात्र सुटला नाही. शतक संपता संपता, २००० च्या सुमाराला, महाराष्ट्र सरकारच्या ध्यानात आलं की कित्येक वस्त्यांवर अजून शाळा नाही. मग वस्तीशाळा योजना आली. जागा गावाने द्यायची, शिकवायला त्याच भागातला शिकलेला तरुण किंवा तरुणी घ्यायची. त्यांना म्हणायचं निमशिक्षक आणि मानधन महिन्याला १,००० रुपये. देवळात, पडवीत, झाडाखाली पुन्हा शाळा भरल्या, माण-खटावच्या माळावर आणि जतच्या तांड्यांवरही. हे काही नवं सुचलेलं नव्हतं. साताऱ्याने साठ वर्षांपूर्वी केलेलंच पुन्हा झालं, फरक इतकाच की या खेपेला मास्तराच्या पाठीशी वसतिगृह, ट्रेनिंग कॉलेज आणि पोतं घेऊन दारात येणारी मुलं नव्हती. निमशिक्षकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, आणि कायम व्हायला त्यांना एका तपाहून जास्त काळ लागला. ते कायम होईपर्यंत त्यांच्यातल्या काहींच्या वस्त्यांवरची माणसं मुंबईला आणि पुण्याला गेली होती. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या ज्या शाळांचा पट विसाच्या खाली आला, त्या मोठ्या शाळेत विलीन करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये शिक्षण खात्याने जिल्ह्यांकडून मागवले. मुलांना ने-आण करायला गाडी द्यायची, असं त्यात होतं. जून ते सप्टेंबर ती गाडी कोयनेच्या पलीकडच्या वाड्यांवर कशी पोचवायची, हे तिथल्या मास्तरांना विचारलेलं बरं.